डिस्टॉर्शन पेडल निवडताना आणि वाजवताना

इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधून (तारांचे कंपन टिपणाऱ्या चुंबकीय भागातून) निघणारा सिग्नल क्षीण, साधारणपणे एक व्होल्टपेक्षाही कमी असतो. डिस्टॉर्शन पेडल, म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर (अ‍ॅम्प) यांच्यामध्ये जोडून पायाने चालू-बंद करायची छोटी पेटी, तो कित्येक पटींनी वाढवते आणि वाढलेल्या लहरीची टोके एका मर्यादेवर छाटून टाकते. या छाटणीला क्लिपिंग म्हणतात, आणि तिचे परिणाम दोन. पहिला सर्वांना ऐकू येतो: मूळ स्वरात नसलेले उपस्वर तयार होऊन आवाज खरखरीत आणि भरदार होतो. दुसरा परिणाम असा, की जोरात छेडलेली आणि हळू छेडलेली तार जवळजवळ सारख्याच उंचीवर छाटली जाते, त्यामुळे हाताच्या जोरातील फरक पुसट होतो आणि स्वर अधिक काळ टिकतो. पेडल निवडताना बहुतेकांचे लक्ष फक्त पहिल्या परिणामाकडे असते. मला दुसरा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण हाताखाली पेडल कसे वागेल हे तोच ठरवतो.

ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन आणि फझ ही नावे छाटणीच्या कमी-अधिक तीव्रतेची आहेत. आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरसारख्या ओव्हरड्राइव्हमध्ये डायोड (ठरावीक व्होल्टनंतरच वीज वाहू देणारे भाग) ऑप-अँपच्या, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या चिपच्या, फीडबॅकच्या वाटेत (बाहेर पडणारा सिग्नल पुन्हा आत नेणाऱ्या वाटेत) बसवलेले असतात, त्यामुळे लहरीची टोके गोलसर होतात आणि हलक्या हाताने वाजवल्यास आवाज बऱ्यापैकी स्वच्छ राहतो. १९७८ साली आलेल्या बॉस डीएस-१ मध्ये किंवा प्रोको रॅटमध्ये वाढवलेला सिग्नल डायोडमार्गे ग्राउंडकडे वळवला जातो. तेथे टोके सपाट कापली जातात आणि आवाजाला धार येते. फझ या सर्वांत जुना. माएस्ट्रोचे फझ-टोन १९६२ मध्ये बाजारात आले. फझमध्ये ट्रान्झिस्टर इतके ताणले जातात, की लहर जवळजवळ चौकोनी होते. डायोडच्या जातीनेही फरक पडतो: जर्मेनियमचा डायोड साधारण ०.३ व्होल्टला, सिलिकॉनचा ०.६ च्या आसपास आणि एलईडी त्याहून बऱ्याच वरच्या मर्यादेला छाटणी सुरू करतो, म्हणून एलईडी बसवलेले पेडल अधिक मोकळे आणि मोठ्या आवाजाचे वाटते.

निवडीचा खरा प्रश्न मात्र अ‍ॅम्पचा आहे, कारण पेडल एकटे कधीच वाजत नाही. अ‍ॅम्प आधीच किंचित फाटत असेल, तर त्याच्यापुढे ओव्हरड्राइव्ह ठेवून ड्राइव्ह (छाटणीची मात्रा) अगदी कमी आणि लेव्हल (पेडलमधून बाहेर पडणारा आवाज) जास्त ठेवावी. पेडलने अ‍ॅम्पला ढकलावे आणि बहुतांश डिस्टॉर्शन अ‍ॅम्पमध्येच घडावे. अ‍ॅम्प पूर्ण स्वच्छ असेल, तर सगळे काम पेडललाच करावे लागते, आणि तेथे ओव्हरड्राइव्ह तोकडा वाटून डिस्टॉर्शन पेडल उपयोगी पडते. मधल्या पट्टीचाही विचार करावा. ट्यूब स्क्रीमर मधले स्वर पुढे आणतो, खालचे थोडे कापतो. एकट्याने ऐकताना तो नाकातला वाटतो, परंतु बास आणि ड्रम्स सुरू झाले की तोच स्पष्ट ऐकू येतो. बिग मफ या फझचे उलट आहे. त्यात मधली पट्टी खोलगट असते, त्यामुळे खोलीत तो प्रचंड वाटतो आणि बँडमध्ये सहज बुडतो. एकट्याने ऐकून निर्णय घेणाऱ्यांची फसगत येथेच होते.

अ‍ॅम्पऐवजी थेट हेडफोन किंवा मिक्सरला पेडल जोडण्याचा विचार असेल, तर एक गोष्ट आधी जाणून घ्यावी. गिटार अ‍ॅम्पचा स्पीकर साधारण पाच किलोहर्ट्झच्या वरचे बरेचसे दाबून टाकतो. तो मध्ये नसेल, तर क्लिपिंगमधून निघालेले सगळे उंच उपस्वर कानावर येतात आणि कोणतेही चांगले पेडल माशी घोंघावल्यासारखे वाजते. अशा वेळी स्पीकर कॅबिनेटची नक्कल करणारे उपकरण किंवा सॉफ्टवेअर आवश्यक ठरते. पेडल बदलून हा दोष जात नाही.

पेडल तपासताना आपली स्वतःची गिटार आणि शक्य तितका आपल्यासारखाच अ‍ॅम्प वापरावा. प्रथम पेडल चालू आणि बंद असतानाचा आवाज सारखा होईल एवढी लेव्हल ठेवावी, कारण जरा मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. मग एक कॉर्ड छेडून ती पूर्ण विरेपर्यंत थांबावे: शेपूट एकसारखी मावळते की मध्येच फुटून तुटते, हे ऐकावे. शेवटी गिटारचा व्हॉल्यूम नॉब निम्म्यावर आणावा. चांगले पेडल येथे स्वच्छ होत जाते. वाईट पेडल नुसते मंद आणि चिखलासारखे होते. माझ्या मते ही एकच चाचणी बाकी सगळ्यांना भारी आहे.

नॉब लावण्याचा क्रम असा ठेवावा: ड्राइव्ह पूर्ण कमी, टोन मध्यावर, लेव्हल पेडल बंद असतानाच्या आवाजाइतकी. त्यानंतर ड्राइव्ह हळूहळू वाढवावा आणि हवा तो आवाज मिळाला असे वाटले, की किंचित मागे आणावा. ड्राइव्ह वाढला की कॉर्डमधले स्वर एकमेकांत मिसळतात, छेडण्याचा आघात बोथट होतो आणि गुणगुण वाढते. म्हणून गरजेपेक्षा थोडा कमी ड्राइव्ह जवळजवळ नेहमीच मोठा आणि दमदार ऐकू येतो. रॅटच्या बाबतीत लक्षात ठेवावे, की त्याचा फिल्टर नॉब उलटा चालतो: उजवीकडे फिरवल्यास आवाज बंदिस्त होत जातो.

डिस्टॉर्शनवर कोणत्या कॉर्ड शोभतात, यामागे साधे गणित आहे. ए तारेचा ११० हर्ट्झचा स्वर षड्ज मानला, तर त्याचा पंचम १६५ हर्ट्झच्या जवळ येतो. क्लिपिंगमध्ये दोन स्वरांच्या फरकाचाही स्वर निर्माण होतो, आणि येथे तो ५५ हर्ट्झ, म्हणजे बरोबर खालच्या सप्तकातला षड्ज असतो. पॉवर कॉर्ड (फक्त षड्ज आणि पंचमाची कॉर्ड) इतकी भक्कम का वाजते, याचे कारण हेच. शुद्ध गंधार मात्र गिटारच्या समविभागी पडद्यांवर १३८.६ हर्ट्झला पडतो. त्याचा चौथा उपस्वर ५५४ च्या आसपास आणि षड्जाचा पाचवा ५५० ला येऊन दोघांची टक्कर होते, सेकंदाला चारहून अधिक हेलकावे ऐकू येतात. म्हणून जास्त ड्राइव्हवर गंधार वगळावा, किंवा वरच्या सप्तकात घ्यावा, किंवा गिटारचा व्हॉल्यूम कमी करून पूर्ण कॉर्ड वाजवावी.

न वाजणाऱ्या तारा झाकणे हे डिस्टॉर्शनमध्ये वादनाइतकेच महत्त्वाचे आहे, कारण पेडल अनवधानाने लागलेल्या बोटाचा आवाजही तितक्याच उंचीला नेते. खालच्या तारांवर उजव्या तळव्याची कड ब्रिजजवळ टेकवावी आणि वरच्या तारा डाव्या तर्जनीच्या पोटाने हलक्या दाबाव्यात. सिंगल-कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपची गुणगुणही याच प्रमाणात वाढते. हंबकर, म्हणजे दोन वेटोळ्यांचा पिकअप, ती बरीच रद्द करतो. नसल्यास ट्रान्सफॉर्मर आणि संगणकाच्या स्क्रीनपासून गिटार दूर वळवून पाहावी, आणि तरीही त्रास राहिला तर डिस्टॉर्शननंतर नॉइज गेट (वादन थांबल्यावर उरलेला आवाज बंद करणारे उपकरण) लावावा.

पेडलांच्या साखळीत फझ शक्यतो सर्वांत आधी ठेवावा. जुन्या पद्धतीचे फझ गिटारला थेट जोडलेले असतानाच नीट स्वच्छ होतात, मध्ये बफर (सिग्नल सशक्त करून पुढे देणारे सर्किट) आला की ते कर्कश होतात. त्यानंतर ओव्हरड्राइव्ह, मग डिस्टॉर्शन, आणि डिले व रिव्हर्ब शेवटी, कारण प्रतिध्वनी आधी ठेवून मग छाटला तर सगळाच गोंधळ होतो. वीजपुरवठा बहुधा ९ व्होल्ट डीसी, मध्य ऋण (प्लगचे मधले टोक ऋण) असा असतो, तरी पेडलवरील चिन्ह पाहूनच जोडावा. बॅटरी वापरत असल्यास काम झाल्यावर इनपुटची केबल काढावी. बहुतेक पेडलमध्ये पायाने बंद केल्यावरही बॅटरी खर्च होतच राहते.

घरी हळू आवाजात केलेली जुळवणी मोठ्या आवाजात तशीच ठेवू नये. हळू ऐकताना कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी जाणवतात, म्हणून आपण ते वाढवून ठेवतो, आणि स्टेजवर तेच अंगावर येतात. तेथे खालचे आणि टोन दोन्ही थोडे उतरवून मधले वर आणावेत. रेकॉर्डिंगमध्ये एकच भाग दोन-तीनदा वाजवून थर चढवायचे असतील, तर प्रत्येक थराचा ड्राइव्ह एकट्याने वाजवताना ठेवला असता त्याहून बराच कमी ठेवावा. थर एकत्र आल्यावर जाडी आपोआप येते आणि प्रत्येक आघात मात्र वेगळा ऐकू येतो.