विकिपीडियावरचे बदल लाइव्ह ऐकायचेत? स्वतःच बनवा

'लिसन टू विकिपीडिया' नावाची वेबसाइट ऐकली नसेल तर आधी ती उघडा. २०१३ मध्ये स्टीफन लापोर्ट आणि महमूद हाशेमी यांनी केलेली. विकिपीडियावर कोणी मजकूर वाढवला की घंटी वाजते, उडवला की तार छेडल्यासारखा आवाज, बदल मोठा तर सूर खालचा.

तसलंच काही करायला थोडंफार जावास्क्रिप्ट आलं तरी पुरे. विकिमीडिया (विकिपीडिया चालवणारी संस्था) सगळ्या भाषांतले बदल 'इव्हेंटस्ट्रीम्स' नावाने लाइव्ह आणि फुकट देतं, अकाउंटची भानगड नाही. त्यातली 'रिसेंटचेंज' स्ट्रीम घ्या, ब्राउझरच्या इव्हेंटसोर्सला (अशी स्ट्रीम ऐकत राहणारी ब्राउझरमधलीच सोय) तिचा पत्ता द्या की एकेक बदल जेसनमध्ये, म्हणजे नाव-किंमत अशा जोड्यांच्या मजकुरात, यायला लागतो, आणि मध्येच नेट गेलं तरी इव्हेंटसोर्स आपला आपण परत जोडून घेतो.

आता खरं काम म्हणजे गाळणं. सगळंच वाजवलंत तर नुसता कल्लोळ होतो कारण बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, धडाधड बदल करत असतात, म्हणून 'बॉट' ट्रू असेल ते सोडून द्या, टाइप फक्त 'एडिट' आणि 'न्यू' ठेवा. 'कॅनरी' डोमेनचे मेसेज टेस्टिंगचे असतात, तेही नकोत. मग नव्या लांबीतून जुनी वजा करा (नव्या पानाला जुनी लांबी नसते, तिथे शून्य धरा), आलेला आकडा म्हणजे किती बाइट वाढले किंवा घटले. प्रत्येक बदलाचं स्क्रीनवर एक वर्तुळ काढायचं, पण त्याच्या आकारासाठी हा आकडा थेट वापरू नका, त्याचा लॉग (लॉगरिदम) घ्या, वजा असेल तर चिन्ह सोडून, नाहीतर कोणीतरी अख्खं पान उडवतं आणि तुमची स्क्रीन एका वर्तुळाने भरून जाते 😅

सुरांसाठी माझं मत भूप रागाला. सा रे ग प ध एवढेच ठेवले की एकदम चार बदल आले तरी कानाला खटकत नाही. आणि हो, पहिला क्लिक होईपर्यंत ब्राउझर सहसा आवाज काढू देत नाही, तेव्हा 'सुरू करा' बटण लागणारच.

फक्त मराठी हवं असेल तर 'विकी' फील्ड 'एमआरविकी' आहे का एवढं तपासा. इंग्रजीची रिमझिम थांबेल आणि बराच वेळ काहीच वाजणार नाही, मग एकदम टण्ण! ती शांतता भरून काढायला खोटे आवाज घालू नका प्लीज, मला तर तोच भाग सगळ्यात आवडतो.

टॅब मागे गेला की ॲनिमेशन थांबतं पण मेसेज साठत राहतात, परत आल्यावर सगळे एकदम वाजतात, म्हणून काही सेकंदांहून जुने असतील ते टाकून द्या.