दुसऱ्याचा प्लॅन आपल्या प्लॉटवर बसवताना

आपल्या नाशिकमध्ये नवा बंगला बांधायचा म्हटलं की कोणाच्या ना कोणाच्या हातात आधीच एक प्लॅन असतोच, मेव्हण्याच्या पाथर्डी फाट्याच्या घराचा, नाहीतर नेटवरून काढलेला, नाहीतर कुठल्यातरी रीलचा स्क्रीनशॉट, आणि पहिलं वाक्य ठरलेलं, हाच द्या मॅडम, फक्त थोडे बदल करून. त्यात वाईट काही नाही. कोऱ्या कागदापेक्षा तयार प्लॅन समोर असला की घरातल्या सगळ्यांना बोलता येतं, सासूबाईंना पण लगेच कळतं की ओटा कुठे आणि देवघर कुठे. फक्त ते "थोडे बदल" कुठले हे बघावं लागतं. मी ड्रॉइंगचंच काम करते आणि माझा हिशोब साधा आहे: जिना, संडास-बाथरूम आणि कॉलम, या तिघांपैकी एकाला हात लावला तर निभावतं, दोन हलवायची वेळ आली की तो प्लॅन सोडा, त्यातलं जे आवडलंय तेवढं घ्या आणि नवा काढा. भिंत सरकवणं, खिडकी मोठी करणं, दोन खोल्यांची एक करणं हे त्यामानाने किरकोळ (तेही नेहमी नाही, पुढे सांगते).

सुरुवात प्लॅनपासून नाही, प्लॉटपासून करा. सातबारा आणि मंजूर लेआउटची कॉपी काढा आणि टेप घेऊन स्वतः मोजा, चारही बाजू आणि दोन्ही कर्ण. कागदावर ३० बाय ४० लिहिलेला प्लॉट जागेवर काटकोनात असेलच असं नाही, आणि ३० बाय ४० ला कर्ण बरोब्बर ५० फूट यायला पाहिजे, दोन्हीकडून. एक ५१ आणि एक ४९ आला की समजा प्लॉट तिरका आहे, मग तुमचा चौकोनी प्लॅन बसवताना एका कोपऱ्यात मार्जिन, म्हणजे हद्दीपासून मोकळी सोडायची जागा, खाल्लं जाणार. गोदावरी नाहीतर नासर्डीच्या आसपासचा प्लॉट असेल तर आधी पूररेषा बघा, निळ्या रेषेच्या, म्हणजे बांधकामबंदीच्या पूररेषेच्या, आत असाल तर प्लॅनचा विषयच नाही.

मग मार्जिन. समोर, बाजूला, मागे किती सोडायचं हे प्लॉटच्या साइझवर आणि समोरच्या रस्त्याच्या रुंदीवर ठरतं, त्यामुळे मेव्हण्याने जेवढं सोडलं तेवढंच तुम्हाला लागेल असं अजिबात नाही, आणि कॉर्नर प्लॉट असेल तर दुसऱ्या रस्त्याकडचं पण तपासा. अजून एक, त्यांचा प्लॅन २०२० च्या डिसेंबरच्या आधी पास झालेला असेल तर तो जुन्या नियमातला. आता युडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली आहे, बांधकाम पी-लाइनने, म्हणजे बाहेरच्या कडेने मोजतात, त्यामुळे बाल्कनी सुद्धा एफएसआयमध्ये (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात जेवढं बांधता येतं त्यात) धरली जाते, आणि वरचा अ‍ॅन्सिलरी एफएसआय प्रीमियम भरून मिळतो, राहत्या घराला ६० टक्क्यांपर्यंत. म्हणून जुन्या प्लॅनमधल्या ऐसपैस बाल्कन्या जशाच्या तशा उचलल्या तर हिशोब बदलतो. हे तुमच्या आर्किटेक्टकडून पहिल्याच मीटिंगमध्ये आकडे मांडून घ्या, महापालिकेच्या हद्दीबाहेर असाल तर एनएमआरडीएचं (नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचं) विचारून घ्या. नेटवरच्या ३० बाय ४० च्या प्लॅनमध्ये बऱ्याचदा भिंत थेट प्लॉटच्या हद्दीवर दाखवलेली असते, मार्जिन नावाचा प्रकारच नाही, तो प्लॅन तुमच्या ३० बाय ४० ला कधीच बसणार नाही.

आता समजा मार्जिन सोडून तुमच्याकडे २३ फूट रुंदी उरली आणि आवडलेला प्लॅन २६ फुटांचा आहे. तीन फूट कमी. इथे लोक काय करतात तर कॉम्प्युटरवर सगळा प्लॅन त्या प्रमाणात छोटा करून घेतात, की झालं. दिसायला छान दिसतो पण चार फुटांचं बाथरूम साडेतीन फुटांचं होतं आणि तीन फुटांचा जिना दोन फूट आठ इंचांचा, त्यावरून कपाट वर न्या बघू. प्रमाणात छोटं करायचंच नाही. बाथरूम, जिना, पॅसेज, ओट्यासमोरची उभं राहायची जागा, ह्यांना हात लावायचा नाही, माणूस काही प्लॉटप्रमाणे बारीक होत नाही. तीन फूट हॉलमधून आणि बेडरूममधून काढा, हॉल १४ चा १२ झाला तर सोफा एल ऐवजी सरळ येईल, एवढंच. भिंतींतून पण थोडं मिळतं, जुन्या प्लॅनमध्ये बाहेरची भिंत नऊ इंची विटांची असते, तुम्ही सहा इंची ब्लॉक वापरणार असाल तर दोन्ही बाजूंचे मिळून सहा इंच सुटले.

परदेशी साइटवरच्या प्लॅनचं अजून वेगळं. तिकडच्या भिंती लाकडी सांगाड्याच्या, चारेक इंचांच्या, त्यामुळे खोल्यांची मापं आपल्या भिंती टाकल्या की आक्रसतात, बाथरूमला खिडकी नसली तरी त्यांना चालतं, आणि किचन हॉलमध्ये उघडं. आपल्याकडे ठेच्याची फोडणी बसली की अख्खं घर खोकणार. भांडी घासायला, धुणं टाकायला मागे जागा त्यात नसतेच, ती वेगळी काढावी लागते. किचनला लागून ड्राय बाल्कनी कुठे निघेल ते आधी बघायचं, नाही निघाली तर तो प्लॅन मी तरी घेणार नाही.

मिरर करून घेऊ, हे अजून एक आवडतं वाक्य. समजा मूळ प्लॅन पूर्वमुखी आहे, किचन आग्नेयेला आणि मोठी बेडरूम नैऋत्येला, वास्तूप्रमाणे अगदी व्यवस्थित. तुमचा प्लॉट पश्चिममुखी. तोच प्लॅन तसाच फिरवून ठेवला तर किचन वायव्येला जातं, ते बरेच लोक चालवून घेतात, पण मोठी बेडरूम ईशान्येला. फिरवून वर डावं-उजवं मिरर केलं तर किचन नैऋत्येला आणि बेडरूम आग्नेयेला. म्हणजे एक सांधलं की दुसरं निसटतं. वास्तू मानत नसाल तरी ऊन मानावंच लागेल. पूर्वमुखी घराच्या हॉलला मोठी काच असते ती सकाळच्या उन्हासाठी, तीच काच पश्चिमेला आली की एप्रिलमध्ये दुपारी तीननंतर हॉलमध्ये बसवत नाही. आपलं नाशिक साधारण २० अंश अक्षांशावर, उन्हाळ्यात दुपारचं ऊन जवळपास डोक्यावर असतं, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा पुरतो आणि थंडीत तेच ऊन खाली उतरून आत येतं, जे इथल्या डिसेंबरात हवंच असतं. पश्चिमेचं ऊन मात्र आडवं येतं, त्याला छज्जा कितीही बाहेर काढा, उपयोग कमी. तिकडे जिना, बाथरूम, वॉर्डरोबची भिंत घाला, नाहीतर उभी जाळी लावा. पाऊसही मुख्यतः पश्चिमेकडूनच मारतो, आणि इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूला फार्महाऊस काढत असाल तर तिथला पाऊस शहरापेक्षा कैक पटीने जास्त आहे, शहरातला सपाट छताचा, छोट्या छज्ज्याचा प्लॅन तिकडे नेऊ नका.

जिन्याचं गणित हातानेच करून बघा. एका मजल्याची उंची १० फूट म्हणजे १२० इंच, सात इंचांची पायरी धरली तर १७ चढ होतात. तुम्ही म्हणालात आम्हाला ११ फूट उंची हवी, हवेशीर वाटतं, तर १३२ इंचांना १९ चढ लागतात. दोन पायऱ्या वाढल्या, म्हणजे मधे वळणाऱ्या जिन्याच्या दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे जिना दहा इंच लांब झाला, आणि ते दहा इंच शेजारच्या खोलीतून जाणार. मग मिस्त्री जागेवर काय करतो, पायरी उंच करतो. राष्ट्रीय बांधकाम संहितेत घराच्या पायरीचा चढ जास्तीत जास्त १९० मिलिमीटर आणि रुंदी कमीत कमी २५० आहे, म्हणजे साडेसात आणि दहा इंच, पण गुडघे दुखणारं कोणी घरात असेल तर साडेसात पण जास्तच, साडेसहा-सात ठेवा.

बाथरूम हलवायचं झालं तर वरखाली दोन्ही मजले एकदम बघायचे. खालच्या देवघरावर किंवा ओट्यावर वरचं संडास येतंय का, पाइप उतरायला डक्ट आहे का, आणि चेंबर प्लॉटच्या कुठल्या बाजूला निघणार. मूळ प्लॅनमध्ये ड्रेनेजची लाइन मागे होती आणि तुमच्याकडे ती समोरच्या रस्त्याला आहे असं असेल तर मागची दोन बाथरूम पुढे जोडायला पाइप अख्ख्या घराला वळसा घालणार, त्याला उतार द्यायचा म्हणजे प्लिंथ (जोतं) वाढवा, प्लिंथ वाढली की पुढे पोर्चचा रॅम्प चढाचा. एका संडासावरून गाडी अडते अशी ही साखळी.

कॉलम हा विषय घरमालकांना कंटाळवाणा वाटतो पण खरी मारामारी इथेच. जुन्या प्लॅनमध्ये ९ बाय १५ चे कॉलम भिंतीत लपून जायचे. आयएस १३९२०, म्हणजे भूकंपात टिकणाऱ्या आरसीसीच्या भारतीय कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची कमीत कमी बाजू ३०० मिलिमीटर झाली, म्हणजे १२ इंच, आणि त्याच वर्षीच्या भूकंपाच्या कोडमध्ये नाशिक झोन तीनमध्ये आहे, तेव्हा हे आपल्याला लागू. आता भिंत सहा इंची आणि कॉलम बारा इंची, सहा इंच कुठेतरी बाहेर येणारच. जुना प्लॅन घेतलात तर प्रत्येक खोलीत बघा की तो कोपरा कुठे येतोय, दाराच्या चौकटीत येतोय का, बेडच्या डोक्याशी येतोय का. वॉर्डरोबच्या मागे घेतला नाहीतर एलिव्हेशनला (दर्शनी भिंतीला) बाहेर काढला की त्रास संपतो. आणि ते दोन खोल्यांची एक करायचं म्हटलं होतं ना, मधली भिंत काढली की त्यातला कॉलम पण काढायचा असतो, गाळा (दोन कॉलममधलं अंतर) १२ चा २० फूट होतो, ढोबळ हिशोब फुटाला इंच, म्हणजे २० इंचांचा बीम हॉलच्या डोक्यावर. चालत असेल तर करा, पण आरसीसी कन्सल्टंटला विचारून, आणि सेंट्रिंग लागायच्या आधी.

फाउंडेशनचं ड्रॉइंग कोणाचंही घेऊ नका, अगदी शेजारच्याचं सुद्धा. इथे एका प्लॉटला चार फुटांवर मुरूम लागतो आणि पलीकडच्याला काळी माती खाली खाली जातच राहते, आणि काळी माती पावसात फुगते नि उन्हाळ्यात भेगाळते. खड्डा घेऊन बघायचा, मगच फुटिंग. आणि हो, प्लॅन ज्याने काढलाय त्याचा त्यावर हक्क असतो, कॉपीराइट कायद्यात आर्किटेक्टची ड्रॉइंग येतात, तेव्हा विचारून घ्या किंवा विकत घ्या.

घरच्यांच्या गरजा एका कागदावर लिहा, पण खोल्यांची नावं नकोत, काय काय करता ते लिहा. वर्षाचे गहू कुठे ठेवता, कुरडया-पापड कुठे वाळतात आणि गच्चीवर न्यायला जिना किती वळणांचा, दुचाक्या किती, आजी रात्री उठल्या की संडास किती पावलांवर. वर्षातून चारदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी खालची एक खोली अडवू नका, ती आई-वडिलांना द्या. सिंहस्थाला अख्खं गणगोत येतं हे खरं, पण ते बारा वर्षांतून एकदा, तेव्हा हॉलमध्ये गाद्या घालू.

सगळं ठरलं की प्लॉटवर चुन्याची फक्की मारून खोल्या आखून घ्या, लाइनआउटच्या, म्हणजे पायाच्या आखणीच्या आधी, आणि घरातल्या सगळ्यांना न्या. बेडच्या मापाचा पेपर अंथरा, गाडीचं दार उघडून बघा. मोकळ्या जागेवर आखलेली खोली नेहमी छोटीच वाटते, तेव्हा घाबरून लगेच फूटभर वाढवायला लागू नका, राहत्या घरातली खोली मोजा आणि आकड्याला आकडा लावून बघा.

शेवटचा बदल झाला की फायनल ड्रॉइंगवर तारीख टाकून सगळ्यांच्या सह्या घ्या, आर्किटेक्ट, आरसीसीवाला, कॉन्ट्रॅक्टर, आणि सँक्शनला जो प्लॅन गेलाय तोच साइटवर आहे ना हे एकदा शेजारी शेजारी ठेवून बघा. त्या मूळ प्लॅनच्या प्रिंट साइटवरून उचला, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची जुनी पीडीएफ पण डिलीट करायला सांगा, कारण मिस्त्री त्याला जी आधी सापडेल ती उघडतो.