पंख्याच्या आवाजावर विसंबू नका : हाय-पॉवर ॲम्प्लिफायर थंड ठेवताना होणाऱ्या चुका

हौशी रेडिओ केंद्रांत प्रक्षेपणाचा संकेत जोरदार करणाऱ्या ॲम्प्लिफायरमध्ये आजही ३-५००झेड ही काचेची ट्रायोड ट्यूब मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. तिच्या ॲनोडने, म्हणजे इलेक्ट्रॉन झेलणाऱ्या धातूच्या भागाने, ५०० वॅट उष्णता बाहेर टाकावी अशी तिची रचना असून पूर्ण भाराला तो लालसर नारिंगी दिसतो. हा रंग पाहून अनेक जण घाबरतात आणि पंख्याचा झोत वरून थेट काचेवर सोडतात. ॲनोडची बरीचशी उष्णता मात्र प्रारणाने काचेतून बाहेर पडते. हवेने जपायच्या असतात त्या धातू आणि काच एकजीव झालेल्या जागा, म्हणजे सील. उत्पादकाने तळाच्या सीलसाठी २०० आणि ॲनोडच्या सीलसाठी २२५ अंश सेल्सिअस ही कमाल मर्यादा दिली आहे. म्हणून हवा खालून सॉकेटमधून शिरून, काचेच्या चिमणीतून ट्यूबला लपेटत, ॲनोडच्या टोपणापर्यंत गेली पाहिजे. साफसफाईच्या वेळी काढलेली चिमणी परत न बसवणे ही म्हणूनच किरकोळ बाब नव्हे.

दुसरी चूक स्टँडबायच्या वेळी होते. या ट्यूबचे फिलामेंट, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडणारी तापलेली तार, ५ व्होल्टला १४.६ अँपिअर घेते, म्हणजे आपण नुसते ऐकत बसलो असलो तरी तळाशी ७३ वॅटची शेगडी अखंड चालू असते. आवाजाचा त्रास नको म्हणून रिसीव्ह करताना ब्लोअर बंद ठेवणारे सर्किट जोडले, तर नेमका तळाचा सील भाजतो. फिलामेंटबरोबरच ब्लोअर सुरू झाला पाहिजे, आणि हवा थांबली की फिलामेंट व हाय व्होल्टेज दोन्ही आपोआप तुटतील असा हवेच्या दाबावर चालणारा स्विच बसवावा. काम संपल्यावरही काही मिनिटे हवा चालू ठेवावी. आपल्याकडे वीज मध्येच जाते आणि तापलेली ट्यूब स्तब्ध हवेत अडकते. तेव्हा निदान ब्लोअर तरी साइन वेव्ह इन्व्हर्टरवर घ्यावा, कारण चौकोनी लहरीवर त्याची मोटर गुणगुणते आणि स्वतःच तापते.

सर्वांत जास्त ट्यूबा ज्या चुकीने जात असाव्यात असे मला वाटते, ती म्हणजे मूळचा गोगलगायीच्या आकाराचा सेंट्रिफ्यूगल ब्लोअर काढून त्या जागी संगणकातला शांत पंखा लावणे. पंख्यावर छापलेला हवेचा आकडा पुढे कोणताही अडथळा नसतानाचा असतो. सॉकेटची छिद्रे आणि चिमणीतली अरुंद फट यांचा विरोध समोर आला की सपाट पंख्याचा प्रवाह कोसळतो, पाती मात्र तितक्याच उत्साहाने फिरत राहतात. सेंट्रिफ्यूगल ब्लोअरचे वागणे याहून फसवे आहे : त्याची वाट अडली की मोटरवरचा भार कमी होतो, वेग वाढतो आणि आवाज चढतो. एका मे महिन्यात माझ्या खोलीतला पडदा ब्लोअरच्या तोंडाला चिकटला होता, आणि आवाज नेहमीपेक्षा जोमदार येत असल्यामुळे मी कितीतरी वेळ निश्चिंत राहिलो. चढलेला सूर ही धोक्याची खूण आहे.

आवाजावर विसंबायचे नाही, तर मोजायचे काय? दर मिनिटाला १ घनमीटर, म्हणजे सुमारे ३५ घनफूट हवा वाहत असेल, तर तिचे तापमान १ अंशाने वाढवायला साधारण २० वॅट लागतात. ॲम्प्लिफायर नवीन किंवा नुकताच साफ केलेला असताना, अर्धा तास नुसत्या स्टँडबायवर ठेवून आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेच्या तापमानांतला फरक लॉगबुकात लिहून ठेवावा. प्रक्षेपण करावे लागत नाही, झाकणही उघडावे लागत नाही. पुढे कधी तोच फरक दुप्पट झालेला आढळला, तर हवा निम्म्यावर आली आहे असे समजून फिल्टर, पाती आणि झाकणाच्या फटी तपासाव्यात. फटींतून निसटणारी हवा बाहेरून धरलेल्या उदबत्तीच्या धुरावर कळते. महाबळेश्वरसारख्या उंचीवर केंद्र लावणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक अष्टमांश विरळ असते, त्यामुळे तोच ब्लोअर तितकीच उष्णता वाहून नेत नाही.

हवा उत्तम असूनही तळ तापत असेल, तर सॉकेट पाहावे. ढिल्या पडलेल्या एका संपर्कात ०.०२ ओहम इतका रोध आला, तरी १४.६ अँपिअरला त्या एकाच पिनेत चार वॅटहून अधिक उष्णता तयार होते. पिनेतले डाख वितळते आणि दोष ट्यूबच्या माथी मारला जातो. फिलामेंटचा विजेचा दाब ट्रान्सफॉर्मरजवळ न मोजता सॉकेटच्या पिनांवर मोजावा आणि तो ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत असावा. २३० व्होल्टला बरोबर ५ व्होल्ट मिळत असतील, तर रात्री लाइन २५० वर गेल्यावर ते ५.४ च्या पुढे जातात. मीटरच्या तारा अडकवण्यापूर्वी प्लग काढून, कपॅसिटर पूर्ण डिस्चार्ज झाल्याची खात्री अर्थिंगच्या काठीने करून घ्यावी, तारा पक्क्या बसवाव्यात, हाय व्होल्टेजची जोडणी सोडवून ठेवावी आणि मगच फिलामेंट लावावे. सुमारे ३,००० व्होल्टच्या या डीसी दाबापुढे दुसरी संधी मिळत नाही.

काही उष्णता आपण हाताने निर्माण करतो. पूर्ण ड्राइव्ह (ॲम्प्लिफायरला आत दिला जाणारा संकेत) देऊन मिनिटभर ट्यूनिंग करत राहिले, तर जुळणी होईपर्यंत जवळजवळ सगळी शक्ती ॲनोडवर पडते; लोडिंग (अँटेनाकडे शक्ती सोडण्याची जुळणी) कमी ठेवले, तर ग्रिडचा, म्हणजे फिलामेंट व ॲनोड यांच्यामधल्या जाळीचा, करंट वाढतो, आणि या ट्यूबच्या ग्रिडची मर्यादा अवघी २० वॅट आहे. कमी ड्राइव्हवर सुरुवात करून काही सेकंदांचे टप्पे घ्यावेत. एफटी८ या संगणकाद्वारे चालणाऱ्या डिजिटल संदेशपद्धतीत १५ सेकंदांच्या खेपेत १२.६४ सेकंद सलग पूर्ण कॅरिअर (रेडिओ लहर) जातो, म्हणून बोलण्यासाठी योग्य असलेली शक्ती तिथे तशीच ठेवू नये. मी ती निम्मी करतो.

एलडीमॉस या प्रकारच्या, ट्यूबऐवजी वापरल्या जाणाऱ्या ट्रान्झिस्टरच्या ॲम्प्लिफायरमध्ये सील नसतात, पण चुकीला अवधीही नसतो. एमआरएफ१के५०एच सारख्या ट्रान्झिस्टरच्या जंक्शनची, म्हणजे आतल्या तापणाऱ्या सिलिकॉनची, कमाल मर्यादा २२५ अंश आहे. ६०० वॅट उष्णता वाहत असताना थर्मल पेस्टच्या जाड थराने प्रतिवॅट ०.०५ अंशाचा जरी अडथळा वाढवला, तरी जंक्शन ३० अंशांनी वर जाते, आणि दूर पंख्याजवळच्या ॲल्युमिनिअमच्या पात्यांवर बसवलेल्या सेन्सरला त्याचा पत्ताही लागत नाही. पेस्टचा थर पृष्ठभागातले खळगे भरण्यापुरता असावा, खाली सपाट घासलेला तांब्याचा जाड ठोकळा असावा, आणि सेन्सर त्या ठोकळ्यात फ्लँजच्या (ट्रान्झिस्टरच्या धातूच्या तळपट्टीच्या) अगदी लगत भोक पाडून बसवावा.