सिंबॉल नसलेला प्रोग्रॅम जीडीबीमध्ये कसा डिबग करायचा (लिनक्स, ६४ बिट इंटेल)

समोर फक्त बायनरी (कंपाइल केलेली फाइल) आहे, सोर्स नाही, जीडीबी या डिबगरमध्ये उघडली तर डिबगिंग सिंबॉल (फंक्शन, व्हेरिएबल यांची नावं आणि पत्ते) सापडले नाहीत म्हणतो आणि ब्रेक मेन टाकलं तर सिंबॉल टेबलच लोड नाही म्हणतो. बरेच जण इथेच सोडून देतात, मला त्याचं खरंच वाईट वाटतं, कारण स्ट्रिप केलेल्या, म्हणजे सिंबॉल काढून टाकलेल्या फाइलमध्येही खूप काही शिल्लक असतं.

आधी फाइल कमांड चालवा. स्ट्रिप्ड आहे का, आणि डायनॅमिकली लिंक्ड आहे (लायब्ररी चालवताना जोडली जाते) का स्टॅटिकली (लायब्ररी फाइलमध्येच असते), ते बघा, पुढचं सगळं त्यावर ठरतं. बहुतेक वेळा तिथेच बिल्ड आयडी (त्या बिल्डची ओळख सांगणारा क्रमांक) पण दिसतो. डिस्ट्रोच्या पॅकेजमधली बायनरी असेल तर उगाच डोकं लावत बसण्याआधी सिंबॉल मिळतात का बघा, डेबियनला डीबीजीसिम नावाची वेगळी पॅकेजेस असतात, आणि २०२० मध्ये आलेल्या जीडीबी १० पासून डीबगइन्फोडीचा सपोर्ट आहे, म्हणजे बिल्ड आयडीवरून सिंबॉल सर्व्हरवरनं आपोआप उतरतात.

नाही मिळाले तर मग खरं काम सुरू. स्ट्रिप डायनॅमिक सिंबॉलना हात लावत नाही, कारण ते गेले तर प्रिंटएफ, एफओपन कुठे आहेत हे लोडरला (प्रोग्रॅमला लायब्ररी जोडून देणाऱ्याला) कळणार कसं? एनएम या सिंबॉल दाखवणाऱ्या कमांडला मायनस कॅपिटल डी देऊन बघा, यादी मिळेल, आणि या नावांवर आपल्याला ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम थांबवायची जागा) लावता येतो.

मेन शोधायची युक्ती अशी, की लिबसी (सी ची स्टँडर्ड लायब्ररी) मेनला बोलावते ती लिबसी स्टार्ट मेन या फंक्शनमधून (नावाआधी दोन अंडरस्कोर, शब्दांमध्ये एकेक), आणि मेनचा पत्ता हाच त्याचा पहिला आर्ग्युमेंट असतो. त्यावर ब्रेक लावा, जीडीबी पेंडिंग ठेवू का (लायब्ररी लोड झाल्यावर लावू का) विचारेल, हो म्हणा, रन करा, थांबलं की आरडीआय रजिस्टर (पहिला आर्ग्युमेंट यातच येतो) प्रिंट करा. तोच मेन! त्या पत्त्याआधी स्टार टाकून ब्रेक लावा आणि कंटिन्यू. स्टॅटिक बायनरी असेल तर हे नाव मिळत नाही, मग स्टार्टआय (पहिल्याच इन्स्ट्रक्शनवर थांबवणारी कमांड) करून इन्फो फाइल्समध्ये एंट्री पॉइंट (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो तो पत्ता) बघायचा, तिथल्या पंधरा-वीस इन्स्ट्रक्शन वाचायच्या, पहिल्या कॉलच्या आधी आरडीआयमध्ये जो पत्ता भरला जातो तो बहुतेक मेनच असतो. एक लक्षात ठेवा, पीआयई बायनरीत (जी मेमरीत कुठेही लोड होऊ शकते) रन करण्याआधीचे पत्ते छोटे दिसतात आणि रन केल्यावर ५५५५ ने सुरू होणारे, त्यामुळे आधीचा पत्ता वापरला तर ब्रेकपॉइंट लागणार नाही.

नेक्स्ट आणि स्टेप इथे चालत नाहीत, फंक्शनची हद्दच माहीत नाही म्हणून. एकेक इन्स्ट्रक्शन पुढे नेणारे एनआय आणि एसआय वापरा, आणि डिस्प्ले स्लॅश आय डॉलर पीसी लावून ठेवा म्हणजे पुढची इन्स्ट्रक्शन कायम समोर राहते. आर्ग्युमेंटचा क्रम पाठच करा: आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९, आणि उत्तर येतं आरएएक्समध्ये.

माझ्याकडे एकदा असाच एक जुना प्रोग्रॅम आला होता, सुरू केला की लगेच सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्यामुळे क्रॅश). बॅकट्रेसमध्ये (कोणी कोणाला बोलावलं त्या यादीत) वर एफगेट्स आणि खाली नुसती प्रश्नचिन्हं, पण पत्ते बरोबर होते, कारण स्टॅक उलगडायची माहिती ईएच फ्रेम या फाइलमधल्या भागात असते आणि ती स्ट्रिपनंतरही राहते. एफगेट्सचा तिसरा आर्ग्युमेंट फाइल पॉइंटर, म्हणून पुन्हा रन करून एफगेट्सवरच थांबलो आणि आरडीएक्स बघितला, तर शून्य. मग एफओपनवर ब्रेक लावला, प्रत्येक वेळी एक्स स्लॅश एस ने आरडीआयमधला पाथ वाचला, फिनिश केलं (फंक्शन संपेपर्यंत जाऊ दिलं), आरएएक्स बघितला. तिसऱ्या वेळी शून्य आलं आणि पाथ होता अशा एका फोल्डरमधला जो नव्या मशीनवर कोणी बनवलाच नव्हता. फोल्डर बनवला, फाइल ठेवली, प्रोग्रॅम चालला.

एखाद्या फंक्शनचं काम कळलं की त्याचा पत्ता आणि तुम्ही दिलेलं नाव लगेच वहीत लिहा, आणि तो पत्ता बेसपासून (प्रोग्रॅम मेमरीत जिथे लोड झाला तिथपासून) किती लांब आहे तेच लिहा, म्हणजे उद्या बेस बदलला तरी उपयोगी पडेल.