मित्राची स्नोमोबाइल उतारावर अडकली तर मदतीला वर जाऊ नका

डोंगरात स्नोमोबाइल (बर्फावर चालणारी गाडी) चालवताना हिमलोटाचा धोका असलेल्या ३० ते ४५ अंशांच्या उतारावर एका वेळी एकच जण. मित्राची गाडी बर्फात रुतली की आपला हात आपसूक थ्रॉटलकडे (गाडीचा वेग वाढवणाऱ्या कळीकडे) जातो: त्याला सोडवायला वर जायचं. नेमकं हेच टाळा. दुसऱ्या गाडीचं वजन त्याच थरावर पडतं, आणि हिमलोट सुटला तर एकाऐवजी दोघं गाडले जातात, शोधायला खाली एक माणूस कमी उरतो. अडकलेल्याने स्वतःच गाडी काढावी. बाकीच्यांनी उताराच्या पायथ्यापासून बरंच लांब, सुटकेच्या दिशेला तोंड करून गाड्या लावाव्यात आणि नजर त्याच्यावर ठेवावी. पायथ्याशी घोळका करून बघत बसणंही तितकंच घातक. कॅनडात रेव्हलस्टोकजवळ बोल्डर माउंटनवर १३ मार्च २०१० रोजी चढाई बघायला जमलेल्या गर्दीवरच हिमलोट कोसळला, दोघांचा जीव गेला.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग लावणारं रेडिओ-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाच्या अंगावर हवं, गाडीच्या डिकीत नाही. गाडी वाहून गेली की तेही गेलं. गाडल्या गेलेल्या माणसाकडे जेमतेम १०-१५ मिनिटं असतात, म्हणजे त्याला वाचवणार ते सोबतचेच. ‘ग्रुप लीडर बघेल’ म्हणू नका. अव्हलांच कॅनडाचा (कॅनडात हिमलोटांचा अंदाज देणारी संस्था) त्या दिवसाचा अंदाज निघण्यापूर्वी स्वतः वाचा, आणि उतार पटला नाही तर सगळ्यांसमोर ‘मी चढत नाही’ असं स्पष्ट सांगा.