एन्झाइमवर चालणारा सेन्सर बनवायचाय? चिरलेलं वांगं काळं का पडतं, तिथून सुरुवात करा

वांगी चिरली की आई ती लगेच मिठाच्या पाण्यात टाकायची. नाहीतर ती काळी पडतात, आणि ते काम पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या एन्झाइमचं. एमएस्सीच्या प्रकल्पात सांडपाण्यातलं फिनॉल हे विषारी रसायन मोजणारा सेन्सर बनवायला मी याच कुळातलं, मशरूममधून काढलेलं टायरोसिनेज हे एन्झाइम वापरलं. ते फिनॉलचं आधी कॅटेकॉल करतं, मग क्विनोन. क्विनोन इलेक्ट्रोडवरून इलेक्ट्रॉन घेतं आणि जो करंट वाहतो तो आपण मोजतो.

ग्लुटराल्डिहाइड या जोडणाऱ्या रसायनाने एन्झाइम इलेक्ट्रोडवर बांधायला मी आठवडाभरात शिकले. पुढचे चार महिने मात्र फक्त बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या स्वच्छ द्रावणात, मोजत राहिले. आलेख सुरेख, रेघ सरळ. मग एका कारखान्याचं सांडपाणी आणलं, त्यात माहीत असलेलं फिनॉल घातलं आणि वाचन निम्मंच आलं. त्या रात्री मला रडू आलं होतं.

कारणं एकेक करून सापडली. पाण्याचा पीएच वेगळा होता, क्षार जास्त होते. शिवाय क्विनोनचे रेणू एकमेकांना चिकटून इलेक्ट्रोडवर तपकिरी थर चढत होता. वांग्यावर चढतो तोच! नमुना बफरने पातळ केला आणि त्याच नमुन्यात ठरावीक फिनॉल टप्प्याटप्प्याने घालून मोजलं, तेव्हा आकडे जुळले. सोबत एन्झाइम नसलेला एक इलेक्ट्रोडही ठेवा. करंट नक्की कशामुळे येतोय ते त्याशिवाय कळत नाही. आणि खरं सांडपाणी पहिल्याच महिन्यात लॅबमध्ये आणा.

कीटकनाशकं मोजायला ॲसिटाइलकोलिनएस्टरेज या दुसऱ्या एन्झाइमचे सेन्सर असतात, त्यांचा मोह नवख्यांना हमखास होतो. पण तिथे एन्झाइम किती मंदावलं यावरून अंदाज बांधायचा असतो, आणि जड धातू किंवा बिघडलेला पीएचही त्याला मंदावतो. म्हणून आधी फिनॉलवर हात बसवा. आपल्याकडे नदी-नाल्यात सोडायच्या सांडपाण्यात फिनॉलयुक्त संयुगांची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे, ती नजरेसमोर ठेवून सेन्सरची मोजण्याची कक्षा ठरवा.

फिनॉल हाताळताना हातमोजे हवेतच. त्वचा आधी बधिर होते, त्यामुळे भाजल्याचं उशिरा कळतं. नमुना शक्यतो त्याच दिवशी मोजा, कारण पाण्यातले जीवाणू फिनॉल खातात. ठेवावाच लागला तर ॲसिड घालून ४ अंशांवर ठेवा. फक्त मोजण्याआधी पीएच पुन्हा ७ च्या आसपास आणायला विसरू नका, नाहीतर टायरोसिनेज कामच करणार नाही.