पानं उकळू नका, झाकण काढू नका

२०२० साली आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी आणि मनुकांचा काढा प्यायला सांगितला आणि तेव्हापासून घरोघरी एक सवय लागून गेली. हर्बल म्हटलं की पातेल्यात टाकायचं आणि निम्मं होईपर्यंत उकळायचं. मग कडूजहर पाणी तयार होतं, मुलं तोंड वाकडं करतात आणि बोल लागतो बिचाऱ्या तुळशीला.

पानाफुलांना उकळी सोसत नाही. मुळं आणि साली मात्र उकळल्याशिवाय काही देत नाहीत. गरम पाण्यात नुसतं झाकून भिजवतात त्याला वैद्य फांट म्हणतात, उकळून करतात त्याला काढा. तुळस, पुदिना यांचा सगळा वास त्यांच्या तेलात असतो आणि ते वाफेबरोबर उडून जातं. ओट्यापाशी घमघमाट सुटला की आपल्याला वाटतं, चहा फक्कड होतोय. खरं तर कपात यायचं ते खिडकीतून बाहेर चाललेलं असतं.

एका कपाला, म्हणजे साधारण २०० मिली पाण्याला, चहाचा एक चमचा भरून वाळलेली पानं पुरतात. ओली असतील तर तिप्पट घ्या. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करा, मग पानं टाका आणि लगेच झाकण ठेवा. पाच ते सात मिनिटं हात लावायचा नाही. मी जड स्टीलची ताटली ठेवते. उचलली की आतून थेंब लगडलेले दिसतात. ते ओट्यावर सांडू नका, ताटली तिरकी करून पातेल्यातच निथळू द्या. एखादा थेंब जिभेवर घेऊन बघा, पुदिना सगळा तिथेच असतो.

गवती चहा त्या मानाने चिवट. पात कात्रीने अर्ध्या-अर्ध्या इंचाची कापा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. बडीशेप आणि वेलची नुसती ठेचून पानांबरोबर टाकली तरी भागतं.

ज्येष्ठमध, सुंठ, दालचिनी असेल तर ती आधी. थंडीत निफाडचा पारा खाली गेल्याच्या बातम्या यायला लागल्या की आमच्याकडे रोज संध्याकाळी हा चहा असतो: अडीच कप पाणी, बोटाच्या पेराएवढी ज्येष्ठमधाची काडी ठेचून, सुंठेचा छोटा तुकडा. मंद आचेवर दहा मिनिटं. गॅस बंद केल्यावर चमचाभर तुळस, चमचाभर गवती चहा आणि झाकण. दोघांना पुरतो. साखर लागत नाही, ज्येष्ठमध पुरेसं गोड असतं. आमचे हे तरीही दर वेळी विचारतात, दूध नाही का? नाही.

सुटा माल मी जुन्या नाशकात, मेन रोडच्या बाजूला काष्ठौषधीच्या दुकानातून घेते. पुडी बांधायच्या आधी चिमूटभर तळहातावर चोळून बघायची. कुरकुरीत मोडलं पाहिजे आणि वास नाकात शिरला पाहिजे. पान मऊ पडलेलं असेल, कुबट वास येत असेल, तर दुकानदार ओळखीचा असला तरी घेऊ नका. भुगा स्वस्त मिळतो, पण त्यातला वास बराचसा उडालेला असतो आणि तो गाळणीतून उतरून कपाच्या तळाशी बसतो. ज्येष्ठमध पावडरीऐवजी काडीच घ्या. मोडल्यावर आतून पिवळी दिसते.

‘हिबिस्कस टी’ म्हणून चकचकीत डब्यात जे महाग विकतात, ती बहुधा लाल अंबाडीच्या बोंडांची वाळलेली आवरणं असतात, आपली दारातली जास्वंद नव्हे. रंग सुरेख येतो, चव आंबट. आता नाशिक म्हणजे तांब्या-पितळेचं गाव, भांडी बाजारातलं एखादं देखणं पातेलं घरात असतंच. त्यात अंबाडी घालू नका. कल्हई उडालेली असेल तर कळकते. ॲल्युमिनियमही नको. स्टील नाहीतर काच. गोकर्णाची फुलं काचेच्या ग्लासातच भिजवावीत, निळ्या पाण्यात लिंबू पिळलं की ते जांभळं होतं आणि नातवंडं आपण होऊन चहा मागतात.

घरी वाळवायचं तर पावसाळा संपू द्या. दिवाळीनंतर आपल्याकडची हवा कोरडी असते. गच्चीवर कडक उन्हात टाकाल तर पानं काळपट पडतात आणि वास जातो. सावलीत, सुती कापडावर, एकावर एक न येतील अशी पसरा. तुळस मंजिऱ्या धरायच्या आधी खुडलेली बरी. देठ काटकन मोडलं की वाळलं समजा.

या कशातही चहाची पत्ती नाही, म्हणजे कॅफिन नाही, रात्री प्यायला हरकत नाही. पण वनस्पती आहे म्हणून कितीही प्या, हे खरं नाही. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढू शकतो. ज्यांना बीपी आहे त्यांनी ते वगळावं. गरोदर बायकांनी आणि रोजच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही रोज सुरू करू नये.

साठवायला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, गॅसपासून लांब. डब्याला नाव आणि महिना लिहिलेली चिठ्ठी चिकटवा. वर्षभरात संपेल एवढंच आणा. चोळूनही वास येईनासा झाला की ते कुंडीत टाका आणि नवीन भरा.